हातात घेतलेली चुंबळ

३ नोव्हेंबर

पोचलो. नगरहून पाथर्डीच्या एसटीने तिसगावपर्यंत, तिथून जीपने. जीपवाल्याला संस्थेचं नाव सांगून कळेना. म्हाताऱ्यांचं घर म्हटल्यावर लगेच म्हणाला, तिथं ऱ्हायला तुमचं वय लई कमी पडतंय. सगळी जीप हसली. मीही हसलो.

जागा आवडली. चार खोल्या, लांब पडवी, मागे शेवगा, त्यापलीकडे बाजरी काढलेली रानं. दिवाळी झाली की इथल्या वस्त्यांवरची धडधाकट माणसं ऊस तोडायला कारखान्यांकडे जातात, ती उन्हाळ्यातच परततात. मागे म्हातारी माणसं राहतात. त्यांच्यासाठी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काही जणांनी हे घर सुरू केलं. मी व्यवस्थापक, म्हणजे दूध आणण्यापासून गोळ्या देण्यापर्यंत सगळं मीच. स्वयंपाकाला मनकर्णा आहे. शेजारच्या वस्तीवरची, गुडघा गेल्यामुळे यंदा तोडीला न गेलेली.

बँकेतलं काम वाईट नव्हतं, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. पण रविवारी जे मानायचो, त्याचा सोमवारी कुठे पत्ता नसायचा. पंचेचाळिशीत नोकरी सोडली. बायको मोनिका पुण्यात शाळेत शिकवते. ती म्हणाली, जा एकदाचा, नाहीतर आयुष्यभर माझं डोकं खाशील.

थकलो आहे. पण आजचा थकवा कुणाच्या तरी उपयोगी पडलेला आहे. बरं वाटतं.

८ नोव्हेंबर

इथे सगळ्यांत तिखट तोंड कडूबाईंचं. उभं आयुष्य डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहून त्यांची मान कायमची पुढे वाकली आहे. समोरच्याच्या चपलांकडे बघून बोलतात. आज म्हणाल्या, "सायेब, तुमच्या चपलेचा अंगठा सुटायला आलाय. तोंड कसंय ते काय मला दिसत न्हाई. मनकर्णा म्हनती बरं हाय."

सकाळी मी माझ्या खोलीत प्रार्थना करतो. कुणाला उपदेश करायचा नाही, हे मी येतानाच ठरवलं आहे. भुकेल्या, आजारी माणसाच्या अडचणीचा फायदा घेऊन त्याला देव सांगणं मला पटत नाही. पण आज त्यांनीच विचारलं, डोळे मिटून काय करता? मी म्हणालो, देवाला ओझं सांगतो. कडूबाईंनी विचारलं, सांगून उतरतं का?

दिवसभर तेच मनात होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत पुण्याच्या मंडळीत आम्ही एक करायचो. आपल्या ओझ्याची खूण म्हणून एखादी वस्तू आणायची आणि पुढे उभ्या असलेल्याच्या हातात द्यायची. तो ती वेदीपाशी ठेवायचा. माणसं मोकळी होऊन रडायची. तेच इथे करून पाहिलं. ज्याने त्याने आपापल्या देवाचं नाव घ्यावं, असंही सांगितलं.

सगळ्या बायांनी एकच वस्तू आणली: चुंबळ. जुन्या लुगड्याची पिळून केलेली कडी, जी डोक्यावर ओझ्याखाली ठेवतात. घामाने काळ्या पडलेल्या, कडक झालेल्या. देताना प्रत्येकीचा हात अडखळत होता. कडूबाईंनी तर दोनदा विचारलं, हातात घेता? बघा बरं. मी आनंदाने म्हणालो, द्या की, मी त्यासाठीच आलोय.

मनकर्णा मधेच उठून आत गेली. भात करपला.

चुंबळी माझ्या खोलीत क्रुसाखालच्या फळीवर ठेवल्या आहेत.

१९ नोव्हेंबर

कडूबाईंची मान वर आली! सकाळी पडवीत बसून त्या आभाळाकडे बघत होत्या. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि आत ओरडल्या, "मनकर्णे, खोटारडे! म्हनं बरं हाय!"

बाकीच्याही हलक्या झाल्या आहेत. छबूबाई काठीशिवाय चालते. मला रडू आवरेना. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं काही घडलं नव्हतं. माझ्या हातून, असं लिहिलं, खोडायला हवं. पण तसंच ठेवतो, म्हणजे उद्या वाचून लाज वाटेल.

२६ नोव्हेंबर

मान अवघडली आहे. उशी बदलून पाहिली. वाकून दारातून जातो हे आज लक्षात आलं; दार तर चांगलं उंच आहे. मुद्दाम ताठ चाललो, तेव्हा डोक्याच्या वर चौकटीला काहीतरी घासल्याचा आवाज झाला. सुकी पानं घासावीत तसा. कॉलरमध्ये पात्याचा एक हिरवा तुकडा सापडला.

उसाचं पातं. इथे आसपास कुठे ऊस नाही.

१ डिसेंबर

तिसगावला केस कापायला गेलो. अंगद न्हावी बोलका. टाळूवरचे केस गोल झिजलेत म्हणाला, काय वाहता काय डोक्यावर? मग मालिश करायला त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि — कसं लिहू — सगळं उतरलं. खांदे, पाठ, सगळं. खुर्चीतच मला गाढ झोप लागली. कित्येक दिवसांत असा विसावा मिळाला नव्हता. अंगद मात्र हात झटकत राहिला.

संध्याकाळी परत आलो, तोवर सगळं पुन्हा जिथल्या तिथे.

४ डिसेंबर

मनकर्णाला विचारलं. कणीक मळता मळता, माझ्याकडे न बघता तिने सगळं सांगितलं. दुसऱ्याची चुंबळ हातातून हातात कुणी घेत नाही. काम सुटलं की बाई ती शेताच्या बांधावर ठेवते आणि मागे न बघता निघते. हातात घेतली की ओझंही घेतलं.

मी म्हणालो, मग तू थांबवलं का नाहीस? म्हणाली, "मला वाटलं तुमाला ठावं हाय. तुमचा देव घेतो म्हनले ना तुमी. मी म्हनलं, घेत आसंल."

कधी उतरेल? तर म्हणाली, हंगाम चालू आहे तोवर भरतच जाणार. आणि ओझं एकट्याला उतरवता येत नाही, दुसऱ्याने हात लावावा लागतो. हात लावणाऱ्याचं काय होतं, ते तिने सांगितलं नाही. कणकेचा गोळा तसाच ठेवून बाहेर गेली.

मी शिकलेला माणूस आहे. मानेचा एक्स-रे काढायला हवा.

९ डिसेंबर

अंगदचं दुकान बंद. शेजारचा टपरीवाला म्हणाला, मान धरलीय त्याची, जमिनीकडं बघूनच बोलतो, बायको भरवती.

घरी भेटायला गेलो. दाराशी गेलो आणि आत न जाता परतलो. काय सांगणार होतो?

एक्स-रेत काही नाही.

१३ डिसेंबर

चुंबळी बांधावर नेऊन ठेवल्या, मागे न बघता आलो. काही फरक नाही. परत जाऊन घेऊन आलो.

मग कडूबाईंची चुंबळ उचलून त्यांच्याकडे गेलो. परत द्यायलाच, दुसऱ्या कशाला नाही. त्या आभाळातली बगळ्यांची रांग बघत होत्या. माझ्या हातातली चुंबळ दिसली आणि त्यांची मान आपोआप खाली गेली. हात पुढे केले.

"द्या," म्हणाल्या. "माझंच हाय ते. लई दिस बघितलं आभाळ."

मी मागे फिरलो. हे प्रेम म्हणावं, तर खोलीपर्यंत येताना मला त्यांचा एवढा राग का येत होता?

१८ डिसेंबर

आता बसता येत नाही. खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून उभ्याने लिहितो. हातांवर, गालांवर पात्यांचे बारीक चिरे. अंघोळीचं पाणी झोंबतं.

मोनिकाचा फोन. आवाजावरूनच तिला कळलं. ख्रिसमसला येते म्हणाली. नको म्हणालो. कारण सांगता येईना. तर हसून म्हणाली, मी येते, तुझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करते, सगळं उतरेल.

आमच्यात तसंच करतात. आजाऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून, त्याचं दुखणं आपलं समजून मागतात. ती मनापासून मागेल. अंगदने नुसती मालिश केली होती.

२१ डिसेंबर, रविवार

उपासनेला तिसगावला गेलो नाही. चालवत नाही. सगळीकडे उसाच्या मोळ्यांचा वास, ओला, गोड. पावलं आपोआप जपून पडतात. मोळी घेऊन फळीवरून उसाच्या ट्रॉलीवर चढल्यासारखी.

प्रार्थना येत नाही. मान खाली आहे, हात जोडलेले आहेत, पण ही प्रार्थना नाही.

बायका पडवीत हसतात. ऐकून बरं वाटायला हवं.

२२ डिसेंबर

मोनिकाला लिहिलं: येऊ नकोस, मला हात लावू नकोस, अंगदचं काय झालं ते असं असं. सगळं नीट लिहिलं. पाठवलं नाही.

रेंज होती. हे खोटं लिहायचं नाही. रेंज होती.

२३ डिसेंबर

अजून पाठवलं नाही. अंगठा बटणावर आहे. खुर्चीतली ती झोप आठवते. फक्त एक तास. तिने एक तास धरलं तरी —

देवा, हे मी लिहिलं.

पुसून टाकला मेसेज. चुकून? नाही.

२४ डिसेंबर

जीप थांबली. खिडकीतून दिसते आहे. मोनिका. निळा स्वेटर, हातात केकचा डबा.

मनकर्णा लंगडत तिच्याकडे धावली. तिचा हात धरला. काहीतरी सांगते आहे. भराभर. माझ्या खिडकीकडे बोट.

मोनिका थांबली. ऐकते आहे. आता तिला कळलं. बरं झालं. मला सांगावं लागलं नाही. जीप अजून उभी आहे, जाऊ शकते —

डबा मनकर्णाच्या हातात दिला. पदर खोचला.

येते आहे. सगळं ऐकूनही —

ओरडायला हवं. आवाज आहे मला. एक शब्द. तिला नको म्हणायला किती — मी लिहितो आहे. लिहीत राहिलो की ओरडावं लागत —

दारात. हसते आहे. रवी, म्हणते, सरळ उभा राहा बघू. दोन्ही हात वर —

गुडघे वाकताहेत. नाही. मी वाकवतो आहे. तिचे हात पोचावेत म्हणून मी