चाळीस फुटांवरचा तांबडा थर

अण्णा, परवा तुमचं अक्षर हातात आलं. वैरागजवळच्या त्या वस्तीवरच्या बोअरची नोंद, खाली तुमची सही. वर मुरूम, मग काळा दगड, चाळीस फुटांना तांबडा थर, पुन्हा काळा दगड, एकशेवीसला पाणी. मी आता तुमचंच काम करते. वस्तीला जुन्या बोअरशेजारी नवी हवी आहे, आणि भोक ढासळू नये म्हणून आत लोखंडी पाइप किती फूट घालायचा, ते मी सांगायचं होतं. कागद वाचताना विशेष काही वाटलं नाही. त्यातला तांबडा थर चुकीच्या जागी आहे आणि तो तिथं मी ठेवलाय, एवढंच डोक्यात होतं.

शाळेच्या आधी तुम्हीच मला शिकवलंत. आई भाकरी थापायची आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवर दगड मांडायचात. आपल्या जिल्ह्याखाली सगळा लाव्हाच, एकावर एक ओतलेला. दोन थरांच्या मधली जुनी माती वरच्या लाव्ह्यानं भाजली, तोच हा तांबडा थर. आपल्याकडे सोनं नाही, कोळसा नाही. खडी, मुरूम आणि दगडाच्या भेगांतलं पाणी, एवढीच आपली इस्टेट, असं म्हणून तुम्ही हसायचात. तांबडं पाण्यानं फुगतं आणि आत ढासळतं, म्हणून पाइप त्याच्या खालपर्यंत गेलाच पाहिजे, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

मी नऊ वर्षांची आहे. सुट्टी आहे म्हणून तुम्ही मला त्या वस्तीवर बरोबर नेलंय. दर दहा फुटांना मशीनमधून येणारा चुरा मूठभर घ्यायचा, पोत्यावर ओळीनं ढीग लावायचे आणि ओळ राखत बसायचं, हे माझं काम. भोक पाडून झालंय, तुम्ही समोरच्या घरी चहाला गेला आहात. मी उठते, पोत्याच्या काठात पाय अडकतो आणि मधले पाच ढीग एकमेकांत जातात. कुणी बघितलेलं नाही. मी रंग बघून ते निवडते, पुन्हा लावते. तांबडा चौथा होता असं वाटतं, म्हणून चौथा. तो सातवा होता, हे आठवतं तेव्हा तुम्ही वही उघडलेली असते.

"ओळ हलली नाही ना, बाळ?"

"नाही."

तुम्ही लिहिलंत. पाइप साठ फुटांपर्यंत गेला. पुढच्या उन्हाळ्यात बोअर सत्तरवर ढासळून बुजली. वस्तीवरची माणसं आपल्या दारात आली. त्यातला एक म्हणाला, "सायेब, कागदात तांबडं चाळीसला हाय की! मग सत्तरला काय आमी नेऊन टाकलं व्हय?" बाकीचे हसले. तुम्ही म्हणालात, "चूक माझी आहे. माझ्या बघण्यात आलं नाही." मी आतून ऐकत होते, हातात ताट होतं. त्यानंतर तुम्हाला बोअरवर पाठवलं नाही, ऑफिसात टेबलावर बसवलं. त्या संध्याकाळी तुम्ही एवढंच म्हणालात, "दिसलं ते लिहायचं. वाटलं ते नाही." हे मला म्हणालात की स्वतःला, मी विचारलं नाही.

नव्या बोअरचा मशीनवाला म्हातारा आहे, त्यानं तुम्हाला पाहिलेलं. म्हणाला, "मॅडम, कागद हाय की. साठ फूट पाइप आणतो."

"नव्वद आणा."

"नव्वद? वडलांच्या लिवण्यावर भरवसा न्हाय व्हय तुमचा?"

मी "नाही" म्हटलं. सहज म्हटलं गेलं. त्यानं पाइप नव्वद फूट आणला. तांबडं सत्तरला लागलं. पाइप त्याच्या खाली गेला, पाणी स्वच्छ आलं, बायकांनी मशीनला हळद-कुंकू लावलं. मी डबा खाल्ला.

मग अहवालात जुनी नोंद चुकीची का, ते लिहायचं होतं. मी लिहिलं : नमुने सांडून सरमिसळ झाली, सांडणारी मुलगी, वय नऊ, म्हणजे मीच. आमचे साहेब वाचून हसले. "अहो, सरकारी कागदावर हे कसं चालेल? सरमिसळ झाली, एवढं पुरे." त्यांनी पुढचं खोडलं. मी वाद घातला नाही, दुरुस्त पानावर सही केली. आता ती फाइल जो उघडेल त्याला सरमिसळ दिसेल आणि जुन्या नोंदीखाली फक्त तुमची सही. म्हणून हे तुम्हाला लिहितेय. हे कुठं पाठवायचं नाही, ते मला माहीत आहे.

अजून एक राहिलं. तुम्ही गेलात तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. काकांनी दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं. आई खालीच बसली, आत्या रडायला लागली. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की बरं झालं, आता अण्णांना सांगावं लागणार नाही.