तिसरी चाचणी

प्रिय धाकट्या,

हाताने लिहिलेलं पत्र बघून तुला आधी हसू येईल. जन्मभर लोकांना कुठला कीबोर्ड घ्या ते सांगत आलेली तुझी बहीण शेवटी पेन घेऊन बसली, आणि पेनसुद्धा धड नाही, दर चार ओळींनी झटकावं लागतंय. फोन करता आला असता. तीनदा तुझा नंबर काढला आणि तीनदा ठेवून दिला. फोनवर तू 'बरं, ठेवतो' म्हणणार आणि मी सुटल्यासारखी 'ठेव' म्हणणार, चार वर्षं आपलं हेच चाललंय. येत्या रविवारी पुरवणीत माझं सदर शेवटचं येणार आहे. त्यात जे छापलं जाईल ते तुला लोकांच्या आधी माझ्याकडून कळायला हवं. माझ्यावर तू चिडशील की नाही, माहीत नाही. पण त्या दिवसापासून तू स्वतःवर जो राग धरून बसला आहेस, त्याबद्दल मला बोलायचंय. मुद्द्यावर यायला वेळ लागेल, जरा सांभाळून घे.

तर 'हाताळून पाहिलं' बंद होतंय, चौदा वर्षांनी. संपादकाने फार गोड शब्दांत सांगितलं. म्हणाला, आता लोक खोकं उघडतानाचे व्हिडिओ बघतात, वाचतं कोण? मला वाईट वाटायला हवं होतं. मी घरी आले आणि भर दुपारी अडीच तास झोपले. खरं सांगू, कंटाळा आला रे. घरात पाऊल ठेवायला जागा नाही. तो गोल झाडूवाला यंत्रमानव रोज सोफ्याखाली अडकतो आणि बाईच्या आवाजात मदत मागतो, मग मी गुडघ्यांवर बसून त्याला ओढून काढते, म्हणजे कमरेचा व्यायाम माझाच. दात घासायचा ब्रश मला रोज सकाळी शाबासकी देतो. आवाज न ऐकू देणारे तीन हेडफोन आहेत, तिन्ही घालून बसलं तरी शेजारच्यांचं ड्रिल ऐकू येतंच. चौदा वर्षांत या घरात आलेल्या वस्तूंपैकी मला मनापासून आवडलेली एकच, बरण्यांची झाकणं उघडायचा रबराचा तुकडा. त्याला चार्जिंग लागत नाही. पण त्यावर साडेतीनशे शब्द कसे लिहिणार?

आणि ते विज्ञान! यंत्रं संपली की संपादक म्हणायचा, या आठवड्यात जरा विज्ञान घ्या, हलकंफुलकं. मग एका रविवारी कॉफी हृदयाला चांगली आणि पुढच्या महिन्यात तीच वाईट. विश्व फुगतंय, विश्व थंड होणार, मेंदू आपल्याला फसवतो, झाडं एकमेकांशी बोलतात. मी सगळ्यांवर मतं दिली. कुणी विचारलं नाही की बाई, तुम्हाला यातलं काय कळतं? फक्त बाबांनी विचारलं. दर रविवारी कात्रण कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचे आणि फोन करायचे, काय तज्ज्ञ बाई, हे कितीदा करून पाहिलंत?

त्यांच्या 'कितीदा'ने आपलं बालपण खाल्लं, नाही का? शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक. नळ्या धुतल्या, मुलांच्या चुकलेल्या जोडण्या गुपचूप सरळ केल्या, आणि घरी येऊन आपल्यालाही प्रयोगाला लावलं. एकदा झालं तर योगायोग, दोनदा झालं तर बरं, तीनदा झालं तर लिहून ठेव. ताप तीनदा मोजायचे आणि सरासरी काढायचे, तोवर तू फणफणून रडायचास आणि आई म्हणायची, अहो, पोराला आधी औषध द्या! तुला आठवतं, त्यांनी कुणाकडून तरी जुना व्हिडिओ गेम आणला होता, टीव्हीला लावायचा, एकाच कंट्रोलरची बटणं चालायची? गाडी पळवायचा तो खेळ. पहिल्यांदा जिंकलास तेव्हा तू पलंगावर उड्या मारल्यास, आणि हा माणूस शांतपणे म्हणाला, अजून दोनदा. तू पुन्हा बसलास. रडत रडत, नाक पुसत, तिसऱ्यांदा जिंकलास तेव्हाच त्यांनी भिंतीवरच्या कागदावर तुझा आकडा लिहिला. मी तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, पण तो आकडा मला कधी ओलांडता आला नाही. मी दोनदा जिंकून कंटाळायचे.

हे वाक्य लिहून आता पाच मिनिटं नुसती बसले होते.

पडलं की हाक मारणाऱ्या त्या घड्याळावर मी लिहिलं होतं ते तुला पाठ असेल. मनगटावर घाला, माणूस पडला की घड्याळ आपणहून घरच्यांना फोन लावतं. मी पलंगावरची गादी दिवाणखान्यात ओढून आणली आणि तिच्यावर धाडकन पडले, या वयात. घड्याळ वाजलं. मग खुर्चीवरून कलंडले. पुन्हा वाजलं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाई धावत वर आल्या आणि दारातून विचारलं, भांडण चाललंय का, पण तुम्ही तर एकट्याच राहता ना? तो लेख लोकांना फार आवडला. इतकी पत्रं मला आधी कधी आली नव्हती. बाबा फोनवर खो खो हसले, त्यांना ठसका लागला, आणि मग नेहमीचा प्रश्न, कितीदा? मी म्हटलं, तीनदा हो बाबा, तुमचीच मुलगी मी. खोटं नव्हतं ते.

पुढच्याच महिन्यात त्यांना दोनदा चक्कर आली आणि मी तेच घड्याळ घेऊन पाठवलं. तू तेव्हा रोज दुपारी चष्म्याचं दुकान बंद करून, काचांची पूड हाताला तशीच घेऊन, बाराला बाबांच्या घरी जायचास, आई गेल्यापासून ते तिथे एकटेच राहायचे. त्यांना बघून, जेवू घालून परत. दोन वर्षं एक दिवस चुकला नाहीस. मीच फोनवर म्हटलं, अरे, कशाला उन्हातान्हात हेलपाटे घालतोस, आता घड्याळ आहे की. तू म्हणालास, ताईने हाताळून पाहिलंय म्हणजे काळजी नाही. माहितीपत्रक ओळीओळीने वाचून तू ते लावलंस, तुझा नंबर घातलास, माझा घातलास. दुपारच्या फेऱ्या थांबल्या. आणि त्यानंतर पाचव्या आठवड्यात सकाळी अकराच्या सुमाराला बाबा बाथरूममध्ये भिंतीला पाठ लावून खाली बसत गेले. तू संध्याकाळी साडेसहाला दार उघडलंस. अर्धांगाने उजवी बाजू गेलेली, घड्याळ डाव्या मनगटावर, त्यामुळे त्याचं मदतीचं बटण दाबायला हात नव्हता. फोन कुणालाच गेला नव्हता. तू मला नंतर एकदाच सांगितलंस, घड्याळ चालू होतं, त्याच्या पडद्यावर अक्षरं होती, बराच वेळ बसून आहात, उठा, जरा चाला. दर तासाला ते त्यांना उठायला सांगत होतं.

डॉक्टर म्हणाले, दुपारच्या आत आणलं असतं तर. आपण दोघं त्या कॉरिडॉरमध्ये निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. बाबा कसे सापडले ते तू सांगत होतास, पाय पसरलेले, पाठ भिंतीला, जसे काही दमून बसलेत, कुठेही मार नाही, हाड मोडलेलं नाही. आणि मी तुझ्याकडे वळून विचारलं, सेटिंग बरोबर केलं होतंस ना तू? बस, एवढंच. तू म्हणालास, केलं होतं, असं वाटतंय. मग आठ दिवसांनी बाबा गेले. त्यांचं सगळं उरकल्यावर तू सहा महिन्यांत बाबांचं घर रिकामं करून दुसऱ्या शहरात दुकान काढलंस. तो जुना गेमही कुणाला तरी देऊन टाकलास. मला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. खरं म्हणजे मला असं वाटून घेणं सोयीचं होतं.

गेल्या मंगळवारी तुझ्या बायकोचा फोन आला. तिच्यावर रागावू नकोस, ती काही चहाडी करायला म्हणून बोलली नाही. तुमच्या पिटुकलीच्या वाढदिवसाला तिच्या मामाने व्हिडिओ गेमचं खोकं आणलंय आणि ते महिनाभर कपाटावर तसंच पडलंय, एवढंच सांगत होती. मी म्हटलं, त्याला सांग की, लहानपणी राजा होता तो यातला. तर ती म्हणाली, ताई, हे घरात आलेल्या कुठल्याच वस्तूला हात लावत नाहीत. ओव्हनचं घड्याळ चार वर्षं बारा वाजल्याचं दाखवतंय. दाराची बेल शेजाऱ्याला बोलावून बसवली. पोरगी पाया पडायची बाकी राहिली, तर म्हणाले, बाळा, माझ्या हातून सेटिंग नको, माझ्या हातून एकदा चुकलंय. आणि ती म्हणाली, त्या घड्याळाचं माहितीपत्रक अजून यांच्या कामाच्या खणात आहे. अधूनमधून काढतात आणि ओळींवर बोट ठेवून वाचत बसतात, कुठे चुकलं ते शोधत. मी फोन ठेवला आणि माझ्या जुन्या वह्या काढून बसले. माझा भाऊ चार वर्षं एक माहितीपत्रक वाचतोय.

आता ऐक. चुकलं नव्हतं. तू सगळं बरोबर केलं होतंस, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मी चाचण्या तीन केल्या होत्या, बाबांच्या शिस्तीने. तिसरीत मी दिवाणखान्याच्या भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली घसरले, म्हातारं माणूस गळून जाईल तशी. घड्याळ वाजलं नाही. पुन्हा केलं, नाही वाजलं. तिसऱ्यांदाही नाही. वहीत लिहून ठेवलं, लेखातही एक वाक्य लिहिलं, की माणूस हळू घसरला तर या घड्याळाला कळत नाही. लेख झाला तीनशे बहात्तर शब्दांचा. बावीस शब्द काढायचे होते. एक तर खालच्या बाईंचा विनोद काढायचा, नाही तर ते वाक्य. मी विनोद ठेवला. स्वतःला म्हटलं, हळू घसरणं म्हणजे काय पडणं थोडंच! आणि लेख छापून आल्यावर, इतकी कौतुकं झाल्यावर, माझं मीच वाचून खरं मानलं आणि तेच घड्याळ बाबांच्या हातात बांधायला पाठवलं. त्या कॉरिडॉरमध्ये तू 'पाठ भिंतीला' म्हणालास ना, त्याच क्षणी मला माझी भिंत आठवली. मला कळलं होतं, धाकट्या. कळल्यावर मी तुला सेटिंगचं विचारलं. मी घाबरले होते, आणि तू माझ्याशेजारी बसला होतास. वहीचं ते पान फाडून या पत्रात घातलंय, तारीख आहे, माझं अक्षर आहे, तिसरीपुढे तीन फुल्या आहेत. रविवारच्या शेवटच्या लेखात ते वाक्य पहिलंच आहे, विनोद एकही नाही. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, ते तू तुझ्या वेळेने ठरव, नाही केलंस तरी मी समजेन. पण ते माहितीपत्रक आज फेकून दे. आणि पिटुकलीचं खोकं कपाटावरून काढ. सेटिंग तू कर, दुसऱ्या कुणाला बोलावू नकोस. ती पहिल्यांदा जिंकली की तिला सांग, अजून दोनदा.

तुझीच, दोनदाच जिंकून उठणारी,
ताई