पाणघोडा तालात आहे

४ जून, सकाळ
आजपासून शिस्त. गेम पंधरा मिनिटं, मग टॅब्लेट कपाटात. लेक म्हणाली, आई, तेवढाच वेळ जाईल. मला वेळ घालवायचा नाही. गेम पूर्ण करून नातीला परत द्यायचा आहे.

५ जून
हिरव्या कुरणावर प्राणी ठेवायचे. प्रत्येकाचा आवाज वेगळा, सगळ्यांचं मिळून गाणं होतं. गुण नाहीत, हारजीत नाही. ‘मदत’ हे पान दोनदा वाचलं. गेम संपतो कुठे ते दिलेलं नाही. छापायचं राहिलं असेल.
हे होते तेव्हा नातीने पाणघोड्यात घोरणं रेकॉर्ड करून ठेवलंय. ह्यांचंच. घरात दुसरं घोरणार कोण? वर मलाच म्हणायचे, तू घोरतेस. चोराच्या उलट्या बोंबा. पाणघोडा फक्त तालासाठी ठेवलाय.

९ जून, दुपार
पाणघोड्याशिवाय गाणं केलं. चांगलं झालं. मग पाणघोडा परत ठेवला. गाण्याला बूड हवं.
शेजारीण विचारायला आली, पाहुणे आलेत का, भिंतीतून घोरणं ऐकू येतं. म्हटलं, गेम आहे. ती ‘बरं’ म्हणाली. तिचं ‘बरं’ मला आवडलं नाही.
पंधरा मिनिटांचं उद्यापासून.

११ जून
घोरण्याच्या शेवटी ‘श्श’ असं काहीतरी आहे. नळाचं असेल. घासात खडा यावा तसं लागतं. कात्रीच्या चित्रावर बोट ठेवून तेवढंच कापलं. आता ह्यांचा आवाज स्वच्छ. कुणाला विचारावं लागलं नाही.

१४ जून, संध्याकाळ
लेक आणि नात आल्या. गाणं ऐकवलं. म्हटलं, आजोबा कसे तालात आहेत बघ. नात हसून लोळली. म्हणाली, अगं आजी, ही तर तू! सोफ्यावर झोपली होतीस. आजोबा शेजारी बसलेले, मला म्हणाले, श्श, उठेल ती. ते पण आलंय ना शेवटी?
म्हटलं, मी घोरत नाही.
नातीने परत ऐकलं. म्हणाली, श्श कुठे गेलं?
मी चहा टाकायला उठले.
त्या गेल्यावर ‘मदत’ पुन्हा वाचलं. कापलेला आवाज परत मिळत नाही. हे मात्र स्पष्ट छापलंय.
टॅब्लेट कपाटात ठेवला. पंधरा मिनिटं झाली नव्हती.