टेबलावर राहिलेली अँटिबॉडी

सोम. ४ ऑगस्ट
मेले मी. शुक्रवारी दादाला आणायला स्वारगेटला पळाले आणि अँटिबॉडीची ट्यूब फ्रिजात ठेवायची राहूनच गेली. तीन रात्री टेबलावर. माझ्या गाइड मॅडमनी परदेशातल्या मैत्रिणीकडून मागून आणलेली, पेराएवढी ट्यूब. भाताच्या मुळांत कॅल्शियम उपसणारा प्रोटीनचा पंप आहे की नाही, ते तिच्याशिवाय कळायचं नाही. दुसरी नाहीये. गुपचूप फ्रिजात ठेवली. कुणाला बोलले नाही.

बुध. ६
मुळांतली प्रोटीनं जेलमधून वेगळी केली, वर अँटिबॉडी लावली, तर फिल्म कोरी. पंपाच्या जागी पट्टी यायला हवी होती, तिथे काहीच नाही. मॅडमना म्हटलं, जेल बिघडलं. चक्क खोटं. माझ्या थीसिसचा तिसरा चॅप्टर या एका पट्टीवर, आणि फेलोशिप डिसेंबरात संपतेय.

शुक्र. ८
परत कोरी. दादा आता सॉफ्टवेअरवाला, कोथरूडला जागा बघतोय. म्हणाला, मुळं वाटत बसण्यापेक्षा टेस्टिंगचा कोर्स कर. त्याच्यावर उगाच भडकले. जेवायला नेलं होतं बिचाऱ्यानं.

सोम. ११
मॅडमना ट्यूबचं सगळं सांगून टाकलं. रडायचं नाही ठरवलेलं, रडलेच.
मॅडमनी शांतपणे चष्मा पुसला. "अँटिबॉडी इतक्यात मरत नाही. त्याआधी तू मरशील."
मग फिल्म उजेडात धरून बराच वेळ बघितली. अगदी वर, जेल सुरू होतं तिथे, काळा डाग. मी घाण समजून सोडून दिलेला.
"नमुना उकळलास?"
उकळला, जेलमध्ये घालण्याआधी पाच मिनिटं. आमच्याकडे सगळेच उकळतात. भिंतीवरच्या कागदात तसंच लिहिलंय, मॅडमच्याच अक्षरात. म्हणाल्या, पेशीच्या पडद्यातलं प्रोटीन आहे, उकळल्यावर गोळा होऊन वरच अडकत असेल. एकदा न उकळता लावून बघ.

बुध. १३
आली. जिथे हवी तिथे, जाड, काळी पट्टी. दोनदा लावली, दोनदा आली. हुश्श. जिन्यातच बसकण मारली. किती दिवसांनी पोटभर जेवले. दादाला फोन करून सांगितलं, कोर्स नको. त्याला काही कळलं नाही, पण खूश झाला.

गुरु. १४
मॅडमना फिल्म दाखवली. शाबास वगैरे काही नाही. कपाटातून स्वतःचा जुना थीसिस काढला, पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. भाताच्या मुळांत हा पंप आढळत नाही, असं स्वच्छ लिहिलेलं.
"मीपण उकळत होते," म्हणाल्या. "चॅप्टरमध्ये लिही. माझं नाव घालून."
मी म्हटलं, नाव कशाला, नुसतं 'पूर्वी' म्हणते. तर म्हणाल्या, पूर्वी म्हणजे कोण, तुझी आजी?
चार वाजल्यापासून मॅडमचं चुकलं होतं, हे एक वाक्य लिहितेय. तीनदा खोडलं. चॅप्टर वाचला, मी वाचले, आणि हात मात्र पुढे सरकत नाही.