अमावस्येची सुट्टी

अण्णा,

आज रविवार आहे आणि भाकऱ्या मी करतेय. करतेय म्हणजे काय, पीठ मळून झाकून ठेवलंय आणि हात धुऊन हे लिहायला बसलेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, काम अर्धं टाकून उठायची हिची खोड काही जात नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावून झालंय, त्या आत पडल्यात, लेक खाली प्लेग्राउंडवर आहे. आमचा फ्लॅट इथे परदेशात, बुकित बातोक नावाच्या भागात. तुआसच्या कारखान्यात माझी नोकरी, तिथली बस घराजवळून मिळते म्हणून इथे राहतो. यातलं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. तुमची मजल तालुक्याच्या एसटी स्टँडपर्यंत, आणि तुम्ही गेलात तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझा पगार, माझं लग्न, माझी लेक, एकही गोष्ट बघायला थांबला नाहीत. त्याचा मला राग येतो. अजून येतो.

परवा लेकीला सांगत होते की तुझे आजोबा सालगडी होते. तिला काही कळेना. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एकाच मालकाकडे राबायचं, उचल काही फिटायची नाही, म्हणून पुढचं सालही त्याच्याकडेच, असं समजावून सांगितलं. मग एक दिवस तहसील कचेरीतून माणसं आली आणि वेठबिगारी संपली, आता तुम्ही मोकळे, असं सांगून जीपमधून निघून गेली. तिनं विचारलं, मग आजोबा घरी गेले का? तुम्ही कुठे जाणार होतात? दुसऱ्या दिवशी उजाडायला त्याच मालकाच्या त्याच रानात गेलात, फक्त आता रोजानं. बैल तेच, बांध तोच, आणि मालकाची हाक मारायची तऱ्हाही तीच. कागदावर मोकळं झालं म्हणून माणूस बरोबरीचा होत नाही, हे तुम्हाला त्या एका दिवसात कळलं असणार, कारण त्यानंतर तुम्ही फार चिडचिडे झालात. आई म्हणायची, सुटका झाल्यापासून ह्यांच्याशी बोलायची सोय राहिली नाही.

आपल्याकडे अमावस्येला बैल जुंपत नाहीत. त्यांना धुवायचं, चारायचं, दिवसभर मोकळं सोडायचं. गड्याला मात्र त्या दिवशी जास्तच काम. गोठा काढा, कडबा रचा, मालकाच्या घरची लाकडं फोडा. एका सकाळी तुम्ही आणि तुमच्यासारखे सुटलेले बाकीचे गडी मालकाच्या ओसरीपुढे जाऊन उभे राहिलात. मी तुमचा सदरा धरून उभी होते. तुम्ही म्हणालात, "बैलाला अवस हाय, मग आमाला काऊन न्हाई?" मालक हसला. त्याला खरोखरच गंमत वाटली. पुढच्या अमावस्येला एकही गडी कामावर गेला नाही, तेव्हा त्याची गंमत संपली आणि आपली उपासमार सुरू झाली. गावात कुणी तुम्हाला रोजानं बोलवेना. आई शेजारच्या गावी खुरपायला जायची आणि आपण कण्या शिजवून खायचो. आई तोंडानं फटकळ, ती रोज तुम्हाला ऐकवायची की पोरीच्या पोटापेक्षा तुमची ती अवस मोठी झाली. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसायचात. पेरणी तोंडावर आली आणि मालकाचंच अडायला लागलं, तेव्हा निरोप आला.

आणि मग ती मिळालेली सुट्टी! काय करायचात तुम्ही त्या दिवशी? काहीही नाही. अंघोळ करायची, धुतलेला सदरा घालायचा, दाढी करून आरशात दोन्ही गाल तपासायचे आणि मला घेऊन एसटी स्टँडवर जायचं. बाकावर बसून आपण गाड्या येताना-जाताना बघायचो. विकत काही घ्यायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. मी कंटाळून भुणभुण करायचे, तर तुम्ही म्हणायचात, बस गं, आज आपल्याला कुणी हाक मारणार नाही. तुम्ही इतके खूश मला नंतर कधी दिसला नाहीत.

आमच्याकडे इंडोनेशियाची एक बाई कामाला आहे, इथे हेल्पर म्हणतात. घर आणि सासूबाई, दोन्ही तीच सांभाळते. सुरुवातीला ती स्वयंपाकघरात उभ्यानंच जेवायची. मी जाहीर केलं की आजपासून हिचं ताट टेबलावर, आपल्या सगळ्यांबरोबर. सासूबाईंनी आपलं ताट जरासं बाजूला ओढलं. मी त्या दिवशी इतकी फुशारले होते, अण्णा, की मनातल्या मनात तुमच्याकडून शाबासकीही घेऊन टाकली. पुढे काही आठवडे ती रोज टेबलावर यायची, खुर्चीच्या कडेला बसायची, चमच्यानं भात इकडचा तिकडे करायची. शेवटी लेक इथल्या बोलीत म्हणाली, "आई, शी नॉट ईटिंग लाह."

तेव्हा मला ते सहभोजन आठवलं. तुमची सुटका झाली त्याच साली शहरातून शिकलेली माणसं आली होती आणि शाळेच्या अंगणात सगळ्या जातींची एकच पंगत मांडली होती. तुम्हाला मुद्दाम दोन साहेबांच्या मध्ये बसवलं. जिलेबी होती. मी पाच खाल्ल्या. तुम्ही पाय आखडून, उठायच्या बेतात असल्यासारखे बसला होतात आणि लोक फोटो काढत होते. घरी येऊन तुम्ही ठेच्याबरोबर भाकरी खाल्लीत आणि आईला म्हणालात, माणसं लई चांगली होती, पर मला काय पायजे ते कुनी इचारलं न्हाई.

मग मी विचारलं. शनिवारी दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती, मीही बसले. जेवण आवडत नाही का, टेबलावर बसायला संकोच वाटतो का, असं काय काय विचारत राहिले. हातातली घडी गठ्ठ्यावर ठेवून ती म्हणाली, "मॅम, टेबल ओके. बट आय वॉन्ट संडे."

रविवारची सुट्टी तिची होतीच. पण सासूबाईंना एकटं कसं ठेवायचं म्हणून आम्ही दर शनिवारी तिला विचारायचो, की उद्या थांबशील का, वर पैसे देऊ. ती दर शनिवारी ओके म्हणायची. आमच्या लेखी विषय मिटलेला. तिची सख्खी बहीण बेडोकला कामाला आहे, एमआरटीनं, म्हणजे इथल्या लोकलनं, तासाभराच्या अंतरावर, आणि दोघींनी कित्येक महिन्यांत एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं, हे मला त्या दुपारी कळलं. नवऱ्याशी माझं कडाक्याचं वाजलं. तो म्हणाला, तिनं हो म्हटलं होतं ना? मी म्हटलं, कामावरून काढतील म्हणून हो म्हणणारी माणसं मी घरात पाहिलीत. आता रविवारी आम्ही दोघं आळीपाळीनं सासूबाईंचं करतो आणि ती बेडोकला जाते. टेबलावर आता ती बसत नाही. आमचं आटोपलं की आपल्या खोलीत ताट घेऊन घरी व्हिडिओ कॉल लावते आणि मिरचीची चटणी कालवून पोटभर जेवते.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. टाकलं असतं तरी तुम्हाला वाचता येत नव्हतं, तुम्ही ते शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतलं असतंत, आणि पुढची कबुली फक्त तुमच्यासाठी आहे. दर रविवारी सकाळी ती ठेवणीतला फ्रॉक घालून दाराशी येते. सुट्टी तुझी आहे, विचारायचं नाही, असं मी तिला दोनदा सांगितलंय. तरी चपला घालताना ती थांबते आणि विचारते, मॅम, मी जाऊ? मी जा म्हणते. अण्णा, ती विचारते ते मला आवडतं.