कांबळ्यांनी धरलेली रांग

अण्णा, इथे मेलबर्नजवळच्या क्रेगीबर्नपासून तासाभराच्या अंतरावर मातीच्या ट्रॅकवर गाड्यांच्या शर्यती होतात, आणि तिथे जे पाहिलं ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. शर्यत असते संध्याकाळी. पण भर दुपारी एखादा महाभाग येतो, स्टँडमधल्या चांगल्या बाकांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चौकड्यांची कांबळी अंथरतो आणि घरी जाऊन निवांत मांस भाजत बसतो. रांग भरली, माणूस एक नाही. तुम्ही एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात काढलीत. खिडकीतून आत येणारे रुमाल, पिशव्या, टोप्या, एकदा तर कुणाची चप्पलही तुम्ही पाहिलीत. पण रुमाल टाकणारा निदान दारात रेटारेटी तरी करत असायचा, घाम गाळायचा. या लोकांना तेवढीही तसदी नको असते. आणि वर चेहरा असा, की जणू बाक आजोबांनी वाटणीत दिलाय.

आई माझ्याकडे आहे. थोडे दिवस राहून परत जायचं म्हणून आली आणि कोविडने सीमा बंद झाल्या, विमानं थांबली, तशी अडकली. मेलबर्नच्या लॉकडाउनमध्ये तिने ऑस्ट्रेलिया पाहिला तो कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत, जिथे झोपाळेसुद्धा पट्ट्या लावून बांधून ठेवले होते. घरात बसून बसून ती बोलेनाशी झाली. मग माझ्या मुलीने तिला फोनवर या शर्यती दाखवल्या, आणि म्हातारी चक्क चष्मा पुसून बसायला लागली. वळणावर गाडी पार आडवी होते, चिखल उडतो आणि तरी ती पुढेच जाते, याचं तिला भारी कौतुक. मुलगी म्हणायची, "आजी इज ऑब्सेस्ड." निर्बंध सैल झाले, ट्रॅकवर थोड्या लोकांना सोडायला लागले, तेव्हा आईने जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. "ते मला एकदा समोर बसून बघायचंय," म्हणाली.

तिच्या गुडघ्यांना पायऱ्या चालत नाहीत. स्टँडच्या मधोमध एक रांग अशी आहे, की तिथे उतरणीवरून चालत जाता येतं, एकही पायरी नाही, पाठ टेकायला फळी आहे आणि खालचा चिखल तिथवर पोचत नाही. आईला त्या रांगेत बसवायचं, एवढंच मला हवं होतं. मास्क लावून, गेटवर फोनने नोंद करून आम्ही वेळेच्या बरेच आधी पोचलो, तर सगळ्या रांगेवर कांबळी. टोकाला एक ढेरपोट्या बाप्या घडीच्या खुर्चीत बियर घेऊन राखणीला बसलेला. त्याला मी नीट, हात जोडल्यासारखं सांगितलं, की आईला पायऱ्या चढता येत नाहीत, फक्त एक जागा द्या.

"सॉरी मेट, ऑल टेकन."

कुणी घेतल्यात, विचारलं, तर येतायत म्हणाला. मग मलाच उपदेश केला, की लवकर यायचं असतं, जो आधी येतो त्याची जागा. अण्णा, मी त्याच्यासमोर उभा होतो, माझी आई काठीवर भार टाकून उभी होती, आणि तो आधी कोण आलं ते मला सांगत होता. वर म्हणाला, कोविड आहे, अंतर ठेवायला हवं, म्हणून जास्त जागा लागतात. पिवळं जाकीट घातलेल्या स्वयंसेवकाकडे गेलो. तो म्हणाला, आमचा तसा काही नियम नाही, लोक वर्षानुवर्षं असंच करतात, आणि "नो वरीज, खाली भरपूर जागा आहे." शर्यत सुरू होता होता रांगेचे मालक उगवले. आयत्या बिळावर नागोबा. आणि अंतर ठेवणारी ती मंडळी एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी खेटून, एकाच डब्यातले चिप्स खात बसली.

आम्ही खाली, कुंपणाजवळ. वळणावर गाड्या आल्या की मातीची ढेकळं उडून अंगावर. आईच्या पातळावर, चष्म्यावर, मास्कवर चिखल. मी संतापलो होतो आणि संतापलो की मला तुम्ही आठवता. तिथेच मी आईला तुमची ती गोष्ट परत सांगायला लागलो, जी मी इथल्या प्रत्येक मराठी घरी गणपतीच्या जेवणाला सांगितली आहे. मी कॉलेजात होतो, आईला तालुक्याच्या दवाखान्यातून घरी न्यायचं होतं, गाडी तुमची होती. बायकांच्या जागा लेकुरवाळ्यांनी भरल्या होत्या, म्हणून मी खिडकीतून आईसाठी रुमाल टाकला. तुम्ही खाकी कपड्यांत रुमाल गोळा करत आलात, माझाही उचललात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "रुमालाला बूड नसतं. बूड टेकेल त्याची सीट." गाडी हसली. त्या जागेवर तंबाखूचा एक व्यापारी ऐसपैस बसला. मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला होता, की माझा बाप घरच्यांनाही सोडत नाही. अण्णा असते तर ही कांबळी कुंपणापलीकडे गेली असती, असं मी आईला म्हणालो.

आईने पदराने चष्मा पुसला.

"पोटाचे टाके ओले होते माझे," ती म्हणाली. "सगळा घाट दांडा धरून उभी होते. ह्यांची स्वतःची सीट रिकामी होती दाराशी. ती दिली असती तर लोक म्हणाले असते, बायकोला बसवली."

ती ट्रॅककडेच बघत होती. मग म्हणाली, "पुढच्या वेळी तू दुपारी ये आणि कांबळं टाक."

अण्णा, इतकी वर्षं मी ती गोष्ट कौतुकाने सांगत आलो आणि ती ऐकताना आई पानं वाढत असायची. एकदाही कुणी तिला विचारलं नाही, मीही नाही. त्या व्यापाऱ्याला तुम्ही न्याय दिलात म्हणे. टाके काय त्याला होते? कंडक्टरची सीट तुम्ही अख्खा घाट रिकामी ठेवलीत, आपल्या नावाला धक्का लागू नये म्हणून, आणि आम्ही त्याला सचोटी म्हणत राहिलो. त्या बियरवाल्याचं मला एकवेळ समजलं. तो जागा धरत होता ती आपल्या माणसांसाठी.

पुढच्या शर्यतीला मी भर दुपारी गेलो. मधल्या रांगेत आईचं, बायकोचं, मुलीचं आणि माझं मिळून एक कांबळं पसरलं, कोपरे नीट ओढले आणि राखणीला बसलो. माझ्याच वयाचा एक माणूस म्हाताऱ्या बापाचा हात धरून आला आणि एका जागेसाठी विचारायला लागला. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी सॉरी मेट म्हणून मोकळा झालो. दोघं हळूहळू खाली गेले, कुंपणाजवळ. संध्याकाळी आई आली, पाठ टेकून बसली आणि पहिल्या वळणाला लहान पोरीसारखी पुढे वाकली. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

हे कुठे पाठवणार नाही. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही उत्तर दिलं नसतंत, नियमावर बोट ठेवलं असतंत. एक मात्र कबूल करतो. त्या संध्याकाळी तुम्ही स्वतः येऊन जागा मागितली असतीत, तरी मी नाहीच म्हटलं असतं. आई मात्र सरकली असती, आणि त्याचाही मला रागच आला असता.