कुंपणापलीकडे वीतभर कोबा

तीर्थरूप मामांस,

वाकून नमस्कार. (पूर्ण वाकवत नाही. आठ दिवस धुमस चालवून कंबर धरली आहे. धुमस म्हणजे माती ठोकून बसवायचा लोखंडी ठोकळा. त्याला दांडा असतो, दया नसते.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. आईची तब्येत बरी आहे. वडिलांचा आवाजही बरा आहे, तिसऱ्या घरापर्यंत जातो. माझं मात्र कशात लक्ष लागत नाही, आणि त्याचं कारण बारा फूट लांब, दहा फूट रुंद, पाच इंच जाड असून आमच्या मागच्या अंगणात पडलेलं आहे. हे पत्र फोनवर बोलता येण्यासारखं नाही, कारण आमच्या घरात फोन एकजण करतो आणि तिघं ऐकतात.

मी कॉलेज अर्धवट सोडलं हे तुम्हाला ठाऊक आहेच. (प्रयोगशाळेच्या प्रमुखांबद्दल जे ऐकलं असेल ते निम्मंच खरं आहे. स्टूल मी फेकलं नव्हतं, ते निसटलं.) तेव्हापासून मी सुतारकाम धरलंय, आणि ते मला येतं, मामा, खरंच येतं. पण घरात रंधा चालवला की भुसा वडिलांच्या चहात जातो. म्हणून मागच्या अंगणात घरापासून सुटं असं एक वर्कशॉप बांधायचं ठरलं. वडिलांनी परवानगी दिली, पण तीत मेख मारून. म्हणाले, "तू सुरू केलेलं एकही काम पुरं झालेलं मी पाहिलेलं नाही. हे एक पुरं कर. मात्र भांडणातंट्यात हेही मोडलं, तर पुढच्या सत्राला मुकाट कॉलेजात." आणि आईकडे वळून, "हा तुझ्या भावाचा लाडका!" हे वाक्य तुमच्या कानी घालावं की नाही याचा मी बराच विचार केला.

आता खरी गोष्ट. शेजारी ते मोजणीकाका राहतात, जन्मभर जमिनी मोजून निवृत्त झालेले. त्यांना एक मुलगी आहे. एवढं लिहिलं तरी तुम्हाला कळेल, तुम्ही हुशार आहात. तिच्या खोलीची खिडकी कुंपणाच्या पुढच्या टोकाला, आणि आमच्या वर्कशॉपची जागा मागच्या टोकाला. घराला समांतर बांधलं असतं, तर माझ्या कामाच्या टेबलासमोर आमच्याच न्हाणीघराची भिंत आली असती. ती भिंत मी लहानपणापासून पाहतो आहे, तिच्यात नवीन काही नाही. म्हणून मी आखणी जरा फिरवली. जरा म्हणजे इतकी, की टेबलावरून मान वर केली की ती खिडकी समोर. वडिलांना सांगितलं, सकाळचा उजेड चांगला येतो. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? उजेडाचा मी विचारसुद्धा केला नव्हता.

मिस्त्रीने खुंट्या पाहिल्या, दोरी पाहिली, मग मला पाहिलं. दोन्ही कर्ण मापले, ते बरोबर भरले. तरी म्हणाला, "भाऊ, खोली काटकोनात आहे. डोकं कशात आहे?" शिवाय एका कोपऱ्याला कुंपण मध्ये येतं म्हणाला. कुंपण म्हणजे ती मेंदीची रांग. मला वाटलं, वाढून वाढून आमच्या बाजूला आली असेल. (हे मला का वाटलं, तर ते सोयीचं होतं.) मी रागाच्या भरात कोयता घेतला, अडीच फुटांची मेंदी साफ केली आणि म्हणालो, "मिस्त्री, हात तुमचे, आखणी माझी. मारा फक्की." त्याने दोरीवरून चुन्याची पांढरी फक्की ओढली. पुढे सगळं शिस्तीत झालं. वरची मऊ माती काढली, मुरूम भरला, ठोकला, पाणी मारून पुन्हा ठोकला, फळ्या लावल्या, प्लास्टिक अंथरलं, सळ्यांची जाळी बांधली, आणि गेल्या सोमवारी काँक्रीट ओतून कोबा केला. त्या दिवशी मी कुणावरही ओरडलो नाही. मिक्सर दोनदा बंद पडला, तेव्हा मिक्सरवर ओरडलो, पण तो धरायचा नाही.

कोबा असा झाला, मामा, की त्यावर गोटी ठेवली तर जागची हलणार नाही. त्याला भेगा पडू नयेत म्हणून कडेने मातीचा बांध घालून मी वर पाणी साठवून ठेवलंय आणि दिवसातून पाचसहा वेळा बघायला जातो. (त्यातल्या दोनच वेळा पाण्यासाठी.) बुधवारी असाच उभा होतो, तर कुंपणापलीकडे मोजणीकाका उभे. माझ्याकडे पाहत नव्हते. तोडलेल्या मेंदीतून त्यांच्या बाजूला गेलेला कोपरा पाहत होते. खाली बसले, बोटं पसरली आणि कोपऱ्याला लावली. "एक वीत," म्हणाले. मी म्हणालो, मेंदी वाढली होती. ते म्हणाले, "मेंदी वरती वाढते, बाळ. चालत जात नाही. रविवारी टेप लावतो." आवाज चढवला नाही, तेच वाईट. चढवला असता तर मीही चढवला असता आणि निदान मोकळं वाटलं असतं.

तेव्हापासून मी मिस्त्रीकडे दोनदा जाऊन आलो. वीतभर कोपरा फोडायचा, तर सळ्यांची जाळी आतून अखंड आहे; मिस्त्री म्हणतो, फोडला तर भेग कुठवर धावेल ते सांगता येत नाही. म्हणजे कोबा गेला, वर्कशॉप गेलं, मी कॉलेजात, आणि जावयाने मेंदीवर कोयता चालवलेला कुठल्या सासऱ्याला आवडेल? तरी तुम्ही रविवारी सकाळी येऊन काकांना समजवावं. खरं तर वडिलांनीच त्यांच्याकडे जायला हवं, पण वडील माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. निदान तुम्ही बोलत असता तेव्हा उठून जात नाहीत.

मामींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा, आणि लवकर बरा करा, कारण इथे यायचं आहे.

तुमचा आज्ञाधारक (यावर वडिलांचं मत विचारू नये)
भाचा

ता. क. : पाकीट चिकटवायला डिंक शोधत होतो, तोवर काका आजच आले. रविवारपर्यंत थांबवेना म्हणाले. टेपचं दुसरं टोक तिच्या हातात. त्यांनी गवतातून हद्दीचे जुने दगड उकरले, तीनदा मोजलं, आणि खाली बसले. मामा, आमचा कोबा आमच्याच जागेत आहे! कुंपणच दोन फूट आमच्यात लावलेलं. आणि तिच्या खोलीची भिंत, त्या खिडकीसकट, अर्धा फूट आमच्या जमिनीवर उभी आहे. घर बांधलं तेव्हा काका बाहेरगावी लोकांच्या जमिनी मोजत होते. त्यांनी हे स्वतःच्या तोंडाने वडिलांना सांगितलं. मी घाईने म्हणालो, "काका, पुन्हा मोजा, चूक आमचीच असणार!" वडिलांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते पत्रात मावत नाही. तीही बघत होती. टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "जिंकतोयस तर गप्प तरी बस."

ता. क. २ : वडील आता भिंत पाडा म्हणतात. काका संध्याकाळपासून दाराबाहेर आलेले नाहीत. आजवर हजारो लोकांना हद्द दाखवलेला माणूस, त्याचंच घर अर्धा फूट चुकावं, हे त्यांना सोसत नाही. तेव्हा आता काकांना नाही, वडिलांना समजवायचं आहे. मुद्दा मी काढून ठेवलाय : दोन्ही घरं एकाच नात्यात आली, तर अर्धा फूट कुणाचा हा प्रश्नच उरत नाही. हे वाक्य माझ्या तोंडी शोभणार नाही. तुम्ही बोलता बोलता सुचल्यासारखं बोलावं.

ता. क. ३ : तिला अजून विचारलेलं नाही. म्हणून मामींनाही बरोबर आणावं.